राजीनाम्याच्या पोर्टलवर 'कंपनीनं काढलं' असं कारणच नाही, मग निवडू काय?

पुनावळेची_टेस्टर
बुधवार, रात्री ११:४०

मंगळवारी सकाळी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली, नाव फक्त 'कनेक्ट'. गेले दोन आठवडे आमच्या मजल्यावर 'कनेक्ट' आलं की आसपासचे लोक उगाच पाण्याची बाटली भरायला उठतात. माझ्या वेळीही तीन जण उठले.

हिंजवडी फेज टू, आयटी कंपनी, नाव लिहीत नाही. जुलै २०१४ ला लागले, म्हणजे ११ वर्षं ७ महिने झाले. हुद्दा 'टेस्ट लीड'. आतमध्ये एचआरची मुलगी होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मॅनेजर कॉलवर, कॅमेरा बंद. ती म्हणाली, प्रोजेक्ट संपलंय, 'रोल रिडंडंट' झालाय, म्हणजे तुमच्या जागेची गरज उरली नाही, तर तुम्ही राजीनामा टाका, दोन महिन्यांचा पगार 'गुडविल' म्हणून देऊ. नाही टाकला तर शुक्रवारी पाचनंतर कंपनी स्वतःहून 'इन्व्हॉलंटरी सेपरेशन' करणार, आणि मग पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये ते दिसतं. हे 'दिसतं' तिनं दोनदा म्हटलं.

मग माझ्याच लॅपटॉपवर तिनं पोर्टल उघडायला लावलं. राजीनाम्याचं कारण निवडायची यादी: 'बेटर अपॉर्च्युनिटी', 'हायर स्टडीज', 'रिलोकेशन', 'फॅमिली रीझन', 'हेल्थ', 'अदर्स'. मी यादी दोनदा वरखाली केली. म्हटलं, यात 'तुम्ही काढताय' हे कुठंय? ती म्हणाली, 'अदर्स' घ्या आणि खाली 'पर्सनल' लिहा, सगळे तसंच करतात.

मी लिहिलं नाही. उद्या सांगते म्हटलं आणि उठले. हे धैर्य वगैरे नव्हतं हो. मला त्या क्षणी 'पर्सनल'चं स्पेलिंग आठवेना, एन एक की दोन, आणि तिच्यासमोर चुकायची लाज वाटली.

घरी नवऱ्याचं म्हणणं, सही करून मोकळी हो, कटकट नको. तो भोसरीत एका व्हेंडरकडे आहे, सेकंड शिफ्टला. पुनावळ्याच्या फ्लॅटचा हप्ता ३८,००० जातो. आईला अजून सांगितलेलं नाही. आजही डबा घेऊन निघाले आणि वाकडच्या पुलाखाली गाडीत बसून खाल्ला.

माझा ग्रॉस ९२,०००, त्यात बेसिक ४६,०००. मला नक्की काय मिळायला हवं? कायदा आम्हाला, म्हणजे एसीत बसणाऱ्यांना, लागू होतो का? आणि माझ्या टीममधली एक मुलगी सहा महिन्यांची गरोदर आहे, तिलाही 'कनेक्ट' आलाय. ती तर रडून रडून सही करायच्याच बेतात आहे.

---

खराडी_ते_घर
गुरुवार, सकाळी ७:१५

सही करू नका. बाकी चर्चा नंतर.

मी जानेवारी २०२३ मध्ये चाळीस मिनिटांत राजीनामा टाकून दिला होता. यादी हीच. मला 'अदर्स' नको वाटलं, उगाच संशयास्पद दिसेल म्हणून 'बेटर अपॉर्च्युनिटी' निवडलं. पुढं पाच महिने घरी. सहाव्या महिन्यात एका मुलाखतीत समोरच्यानं कागद बघत विचारलं, "चांगली संधी मिळाली म्हणून सोडलंत, ती संधी कुठंय?" त्याला काय सांगणार? मीच लिहून दिलेलं.

बॅकग्राउंड चेकचं भूत फार मोठं करून दाखवतात. मला नंतर जिथं नोकरी लागली तिथं त्यांनी हुद्दा, तारखा आणि शेवटचा पगार एवढंच तपासलं. आज पुण्यात कपातीत गेलेला माणूस कुणाला नवीन नाही. मुलाखत घेणाराही कधी कधी त्यातलाच असतो.

आणि एक. तुमचं नेमणूकपत्र काढा आणि नोटीस पिरियडचं कलम वाचा. ते दोन महिने मला ओळखीचे वाटतायत.

---

जुना_फिटर
गुरुवार, सकाळी १०:०५

बाळ, मी भोसरीत चौतीस वर्षं फिटर होतो, त्यातली अठरा युनियनच्या कमिटीवर. कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण तुझ्या त्या यादीचं मर्म चांगलंच कळलं. आमच्या वेळी यादी नव्हती, छापील फॉर्म होता. खाली 'मी स्वखुशीने' असं आधीच छापलेलं. फरक काही नाही.

कंपनीला तुझी सही का पाहिजे ते समजून घे. कायद्यात 'कामगार कपात' म्हणजे शिस्तभंगाची शिक्षा सोडून कुठल्याही कारणानं मालकानं नोकरी संपवणं. कुठल्याही कारणानं हे शब्द लक्षात ठेव. काम कमी झालं, प्रोजेक्ट गेलं, चौकशी न करता 'परफॉर्मन्स कमी' म्हणून काढलं, हे सगळं त्यात येतं. येत नाही ते काय? कामगारानं स्वतःहून सोडणं. राजीनामा टाकला की कपात झालीच नाही, आणि कपात नाही तर भरपाई नाही. एवढ्या एका शब्दासाठी एसी खोली आणि कॅलेंडरचं नाटक.

पूर्वी हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, कलम २५ एफ. लेबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या प्रत्येकाला ते तोंडपाठ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, त्यात ते कलम ७० झालं. गाभा तोच: कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पुऱ्या वर्षामागं पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शेवटचा तुकडा सहा महिन्यांच्या वर असेल तर तो पूर्ण वर्ष धरतात. तुझे ११ वर्षं ७ महिने, म्हणजे १२.

तुझ्या बेसिकवर हिशेब मांडू. बारा अर्धे महिने म्हणजे सहा महिने, ४६,००० गुणिले ६, झाले २,७६,०००. शिवाय नव्या संहितेत एक 'पुनर्कौशल्य निधी' आलाय. कपात झालेल्या प्रत्येकामागं मालकानं पंधरा दिवसांचा पगार भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. ते २३,०००. झाले २,९९,०००. तू 'पर्सनल' लिहिलंस की हे तीन लाख गेले. त्यांनी दिलेले दोन महिने कशापोटी, ते वरच्या भाऊनं सांगितलंय तसं नेमणूकपत्रात बघ.

ग्रॅच्युइटी वेगळी. ती पाच वर्षांच्या वर झालेल्याला राजीनामा दिला तरी मिळते. ४६,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२, म्हणजे ३,१८,४६१ च्या आसपास. एचआर ती 'पॅकेज'मध्ये घालून आकडा फुगवून दाखवेल. फसू नको, ती तुझीच आहे.

आता 'एसीत बसणाऱ्यांना लागू होतो का'. हा प्रश्न ऐकून माझी बायको हसली. आमच्या इथं तरणी पोरं मला विचारतात तेव्हा मी उलट विचारतो, तू कुणाची रजा मंजूर करतोस का? कुणाला नेमतोस, काढतोस का? नाही ना? मग तू कामगार. हुद्द्याच्या पाटीवर काहीही असो, कोर्ट बघतं हातानं काय काम करतोस ते. तांत्रिक काम करणारा कामगारात येतो, त्याच्या पगाराला मर्यादा नाही. १८,००० ची मर्यादा आहे ती देखरेख करणाऱ्या सुपरवायझरला. तू 'लीड' असलीस तरी दिवसभर स्वतः टेस्टिंग करतेस का, हे महत्त्वाचं.

आणखी एक गल्लत सगळीकडं बघतो, म्हणून लिहितो. पेपरवाले 'ले-ऑफ' म्हणतात ते अमेरिकेचं. आपल्या कायद्यात 'ले-ऑफ' म्हणजे माणूस हजेरीपटावर ठेवून काही काळ काम न देणं, आणि त्याला निम्मा पगार देणं. तळेगावच्या जनरल मोटर्सनं डिसेंबर २०२० मध्ये गाड्या बनवणं थांबवलं आणि एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफ दिला, तो हा. पोरं नोकरीवर होती आणि नव्हती. तू अर्ज लिहिशील तेव्हा ले-ऑफ लिहू नको, 'कामगार कपात' लिही. चुकीचा शब्द लिहिलास तर समोरचा वकील पहिल्या तारखेला त्यावरच चहा पितो.

३०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर सरकारची आगाऊ परवानगी आणि तीन महिन्यांची नोटीस लागते, पण ते कारखाना, खाण आणि मळा एवढ्यालाच. तुमची आयटी कंपनी पाच हजारांची असली तरी त्यात बसत नाही. हा आकडाही मजेशीर. १९७६ मध्ये आणीबाणीत ३०० होता, पुढं १०० केला, आता परत ३००. जवळजवळ पन्नास वर्षांत फिरून तिथंच आला.

---

अनघा_पूर्वी_एचआर
गुरुवार, दुपारी १:३०

काकांचं म्हणणं बरोबर आहे, पण दुसरी बाजू कुणी तरी लिहायला हवी. मी नऊ वर्षं टेबलाच्या पलीकडे बसले आहे, असे 'कनेक्ट' घेतले आहेत. अभिमानानं नाही सांगत.

त्या मुलीला एक स्क्रिप्ट दिलेली असते आणि एक टक्केवारी. शंभरातल्या किती जणांनी 'स्वतःहून' टाकला, यावर तिचं मूल्यमापन. तिच्यावर चिडू नका, तिच्याशी वादही घालू नका, तिच्या हातात काही नसतं. तिच्या वरचा माणूस मात्र लेखी मेलला घाबरतो. म्हणून तोंडी काही बोलू नका. आजच एक मेल टाका, चार ओळींचा: अमुक तारखेच्या बैठकीत मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, माझी राजीनामा द्यायची इच्छा नाही, मी कामावर हजर आहे, कंपनीचा जो निर्णय असेल तो कारणासह लेखी कळवावा. रागाचा एक शब्द नको. 'मानसिक छळ' वगैरे अजिबात नको, तो शब्द दिसला की मेल थेट लीगलकडे जातो आणि तिथून कॉपी-पेस्ट उत्तरं येतात.

आणि हो, गाडीत डबा खाऊ नका! ऑफिसात जाऊन, कार्ड स्वाइप करून, आपल्या खुर्चीत बसून खा. गैरहजेरी ही त्यांना आयती मिळालेली भेट असते. ॲक्सेस बंद केला असेल तर गेटवरून मेल करा.

काकांशी एका ठिकाणी थोडा मतभेद. 'तू कामगारच' हे इतकं सरळ नाही. कंपनीचा वकील तुमच्या अप्रेझल फॉर्ममधून 'टीमचं नेतृत्व केलं' हे वाक्य शोधून काढणार. आपण सगळेच ते दरवर्षी फुगवून लिहितो, तेच अंगाशी येतं. तुमच्या बाजूनं पुरावा म्हणजे रोजची टिकिटं, म्हणजे सिस्टीममध्ये तुमच्या नावावर नोंदलेली कामं, आणि स्वतः चालवलेल्या टेस्ट केसेस. पण क्लायंटचा डेटा किंवा कोड स्वतःच्या मेलवर पाठवू नका, त्यावर खरोखरच शिस्तभंग करतात. स्वतःचं नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, रेटिंगची पत्रं, एवढंच.

कराचा मुद्दा कुणी मांडला नाही. कपातीची भरपाई कायद्याच्या हिशेबात ५ लाखांपर्यंत करमुक्त असते. तेच पैसे राजीनाम्यासोबत 'गुडविल' म्हणून आले तर पगार धरून कर कापतात. म्हणजे तोही तोटा तुमचाच.

तुमच्या त्या मैत्रिणीला आज रात्री फोन करा. प्रसूतीच्या रजेवर असताना काढणं किंवा नोटीस देणं कायद्यानं बंद आहे, आणि रजेच्या आधी काढलं तरी प्रसूती लाभ बुडवता येत नाही. २०१५ मध्ये चेन्नईत एका मोठ्या आयटी कंपनीनं काढलेली गरोदर इंजिनिअर मद्रास हायकोर्टात गेली होती. कोर्टानं स्थगिती दिली, पुढं कंपनीनं तिचं टर्मिनेशनच मागं घेतलं. पण राजीनामा दिला असता तर स्थगिती कशाला मिळणार? रडू दे तिला, फक्त पोर्टल उघडू नको म्हणावं.

शेवटी तडजोडच करायची असेल तर तीही गुन्हा नाही. कोर्टात वर्षं जातात, प्रत्येकाला ते परवडत नाही. फक्त तडजोड तीन लाखांच्या वरून सुरू होऊ दे, शून्यावरून नको.

---

पुनावळेची_टेस्टर
गुरुवार, रात्री १०:२०

नेमणूकपत्र सापडलं. लग्नाच्या अल्बमच्या पिशवीत होतं. कलम ९: दोन्ही बाजूंनी ६० दिवसांची नोटीस किंवा तेवढा पगार.

म्हणजे 'गुडविल' म्हणून देणार होते ती माझीच नोटीस. हे वाचून नवरा पहिल्यांदा गप्प बसला. मग म्हणाला, तो फिटर कोण आहे विचार, आमच्या कंपनीतही युनियनला असा माणूस पाहिजे.

मेल टाकला. चारच ओळी. पाठवताना बोट दोनदा मागं घेतलं. मैत्रिणीलाही फोन झाला, तिनं लॅपटॉप बंद करून सासूकडे दिलाय, कपाटात ठेवा म्हणून.

काका, मी कुणाची रजा मंजूर करत नाही. रजेचे मेल मी फक्त पुढे ढकलते. 'लीड' म्हणजे आमच्याकडे जास्त काम आणि तीन लोकांच्या चुकांना एक तोंड, एवढंच.

---

खराडी_ते_घर
गुरुवार, रात्री १०:५५

कलम ९ साठी पार्टी तुमच्याकडे लागू.

शुक्रवारी फोन येईल, मेल येणार नाही. फोनवर जे बोलतील ते लगेच मेलवर लिहून पाठवा, 'आत्ता झालेल्या बोलण्यानुसार' असं सुरू करून. आणि आरोग्य विम्याचं बघा, ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते. ती वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येते, पण बाहेर पडायच्या आधीच अर्ज केलेला बरा. मला हे वडिलांच्या अँजिओग्राफीच्या वेळी कळलं. आईचं नाव त्यात असेल तर उद्याच विचारा.

---

पुनावळेची_टेस्टर
शनिवार, दुपारी ४:१०

काल काय झालं ते लिहिते.

सकाळी खुर्चीत जाऊन बसले. साडेदहाला फोन, तीच मुलगी. आवाज वेगळाच. "मेलची गरज नव्हती, आपण बोललो असतो ना." मी म्हटलं, बोलूया, मी नंतर लिहून पाठवते. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, थांबा, मी परत करते. परत केला तो तिच्या वरच्या माणसानं. तोच जुना सूर, 'तुमच्या भविष्यासाठी', 'इंडस्ट्री छोटी आहे'. सगळं मेलमध्ये लिहिलं. 'इंडस्ट्री छोटी आहे' अवतरण चिन्हात.

पाच वाजले. सव्वापाचला पोर्टलचा ॲक्सेस गेला, साडेपाचला स्वतःच्या मेलवर पत्र आलं. दोन परिच्छेद. 'बिझनेस रिक्वायरमेंट'मुळे सेवा संपवण्यात येत आहे, नोटिशीऐवजी ६० दिवसांचा पगार, ग्रॅच्युइटी नियमानुसार. कपातीच्या भरपाईचा शब्द नाही, निधीचाही नाही. पण 'राजीनामा' हा शब्दही कुठं नाही. पत्र तीनदा वाचलं, तो शब्द शोधत.

रात्री आईला सांगितलं. तिला बुधवारीच कळलं होतं म्हणाली. डब्यातली भाकरी घरी येताना कधी इतकी कोरडी नसायची.

आमच्या मजल्यावरचे सहा जण झालोत ज्यांनी पोर्टलला हात लावला नाही. मैत्रिणीला अजून काहीच पत्र आलेलं नाही, तिचा ॲक्सेसही चालू आहे. सोमवारी आम्ही सहा जण शिवाजीनगरला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जातोय. काका, वकील लागेल का? एकत्र अर्ज करायचा की वेगवेगळा? किती प्रती?

---

जुना_फिटर
शनिवार, सायंकाळी ६:००

पत्र आलं ना हातात, आता ते गादीखाली ठेव.

वकील लागत नाही, फीही नाही. समेट अधिकाऱ्याकडं अर्ज द्यायचा, तो कंपनीला नोटीस काढून बोलावतो. कंपनी पहिल्या तारखेला येणार नाही, दुसऱ्याला कुणी तरी ज्युनिअर येऊन तारीख मागेल. निराश होऊ नका. अर्जापासून ४५ दिवसांत मिटलं नाही तर तुम्हाला सरळ न्यायाधिकरणात जाता येतं. काढल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पण मुदत आहे म्हणून झोपायचं नाही.

अर्ज सहा वेगवेगळे करा, प्रत्येकाची नोकरीची वर्षं आणि पगार वेगळा. पण एकाच वेळी, एकाच टेबलावर द्या. सहा माणसं समोर उभी दिसली की कारकून खुर्ची सरळ करतो.

मागणीत पहिली ओळ 'परत कामावर घ्या' हीच लिहा, ती पटत नसली तरी. भरपाई दुसऱ्या ओळीत. आणि वर्षभरात त्याच कामासाठी कंपनीनं परत भरती काढली तर आधी काढलेल्यांना बोलवायचं असतं, तेव्हा जाहिराती दिसल्या की तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. ते तरी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

प्रती तीन. एक त्यांना, एक कंपनीला, एक तुझी. तुझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नको. जेवणाच्या सुट्टीच्या आत पोहोचा. मी साडेदहाला गेटापाशी असेन, पांढरी टोपी.